आधी गळती, मग ट्यूनिंग

जुनी पेट्रोल गाडी उभ्या जागी थरथरायला लागली, सिग्नलला किंवा टोलनाक्यावर बंद पडायला लागली, की हल्ली पहिलं बोट पेट्रोलकडे जातं. ई२० आलं आणि गाडी बिघडली, हे निदान पंपावर, गॅरेजसमोरच्या बाकड्यावर आणि घरीही एका दमात होऊन जातं. शिरूर आणि दौंड तालुक्यांत तर हे ऐकताना गंमत वाटते. घोड आणि भीमेच्या पाण्यावर ऊस, उसाच्या पैशावर दारात गाडी, आणि आता उसाच्याच इथेनॉलने ती गाडी बिघडवल्याची तक्रार! तक्रार सगळीच खोटी नाही. तिचा हिशेब पुढे करूच. पण पंधरा-वीस वर्षं चाललेली गाडी आयडलला मिसिंग मारत असेल, तर त्याचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण टाकीत नसतं. ते इंजिनात चोरवाटेने शिरणाऱ्या हवेत असतं. कुठला तरी रबरी पाइप तडकलेला असतो, कुठलं तरी पॅकिंग बसलेलं असतं, आणि तिथून मोजदाद न झालेली हवा आत जात असते. या गळतीची स्वतःची एक ठरलेली वागणूक आहे. ती ओळखता आली तर एकही स्क्रू न फिरवता आणि एकही पार्ट न बदलता दोष पेट्रोलचा, प्लगचा की हवेचा, हे बऱ्याच खात्रीने सांगता येतं. प्रत्यक्षात होतं उलटंच. आधी ट्यूनिंग होतं, मग प्लग बदलले जातात, मग कार्ब्युरेटर खोलला जातो, आणि चार इंचांची चिरलेली नळी आपल्या जागी तशीच राहते.

पेट्रोल इंजिन हा मुळात हवा ओढणारा पंप आहे. पिस्टन खाली जाताना हवा मागतो, पण आयडलला थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते. मागणी मोठी, वाट बारीक. म्हणून चकतीच्या पलीकडे, मॅनिफोल्डमध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच खाली उतरतो. गॅरेजमध्ये व्हॅक्यूम म्हणतात तो हाच. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिनाचा गेज आयडलला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतो आणि काटा स्थिर राहतो. शिरूर आणि दौंड दोन्ही गावं समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून उंच आहेत. उंची हजार फुटांनी वाढली की हे वाचन सुमारे एक इंचाने उतरतं, त्यामुळे इथे साडेपंधरा ते एकोणीस इंच हेच निरोगी वाचन मानायला हवं. पुस्तकातला आकडा जसाच्या तसा धरला तर चांगल्या इंजिनालाही उगाच आजारी ठरवलं जातं. ठिबकमधून खत सोडणाऱ्या शेतकऱ्याला ओढीचं हे गणित नवीन नाही. व्हेंच्युरीच्या नळीला चीर गेली की पाणी वाहत राहतं, पण बादलीतलं खत काही कमी होत नाही, कारण नळी खताऐवजी हवा ओढत असते. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलही अशाच ओढीवर येतं. जेवढी हवा कार्ब्युरेटरमधून जाते तेवढ्याच हवेच्या मापाने पेट्रोल मिळतं. जी हवा त्याला वळसा घालून मॅनिफोल्डमध्ये शिरते, तिच्या वाट्याचं पेट्रोल कुणी दिलेलंच नसतं. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण हवेच्या बाजूला फार झुकलं की मिश्रण पातळ होतं, ठिणगी पडूनही नीट पेटत नाही, आणि गाडी मिसिंग मारते.

एवढ्याशा भोकाने असं काय होणार, ही शंका रास्त आहे. मारुती ८०० चं उदाहरण घेऊ. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेली ही गाडी अजूनही खेडोपाडी दिसते. तिचं तीन सिलिंडरचं इंजिन ७९६ सीसीचं. आयडलला मिनिटाला ९०० फेरे धरले, तर दर दोन फेऱ्यांना एकदा या मापाने ते मिनिटाला सुमारे ३५८ लिटर जागा भरतं. पण मॅनिफोल्डमधली ती हवा विरळ असते, बाहेरच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे बाहेरची हवा मोजली तर मिनिटाला ११०-१२० लिटर. आता मॅनिफोल्डला दीड मिलिमीटर व्यासाचं एक भोक आहे असं समजू, गाठोडी शिवायच्या दाभणाचं असावं तेवढं. आतला दाब बाहेरच्या दाबाच्या निम्म्याखाली गेला की अशा भोकातून हवा आवाजाच्या वेगाने आत घुसते आणि त्याहून जास्त वेग घेऊ शकत नाही. त्या वेगाने दीड मिलिमीटरमधून मिनिटाला साधारण १५ लिटर हवा जाते, म्हणजे इंजिनाच्या एकूण हवेच्या जवळपास आठवा हिस्सा. भोक तीन मिलिमीटरचं झालं की हा आकडा चौपट होतो, साठ लिटरच्या घरात. निम्मी हवा चोरवाटेने आल्यावर कार्ब्युरेटरने कितीही इमानाने मोजमाप केलं तरी उपयोग काय? गळती एका सिलिंडरच्या वाटेजवळ असेल तर ही सगळी आगाऊ हवा मुख्यतः त्याच सिलिंडरच्या वाट्याला येते. मग तीनपैकी दोन नीट चालतात, एक रुसतो, आणि पूर्ण गाडी हलते.

आता तीच गाडी साठच्या वेगाने पळते आहे असं धरा. इंजिन तीन हजार फेऱ्यांवर आहे, थ्रॉटल बऱ्यापैकी उघडा आहे, आणि इंजिन मिनिटाला सहाशे लिटरच्या आसपास हवा घेतंय. दीड मिलिमीटरच्या भोकातून मात्र अजूनही पंधराच लिटर येतात, कारण आवाजाच्या वेगाची मर्यादा तिथे आधीच लागलेली आहे. आठव्या हिश्श्याचे अडीच टक्के झाले. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या दाबाजवळ पोहोचतो, हवेला आत ढकलणारं काही उरत नाही आणि गळती जवळजवळ थांबते. माझ्या मते हा सगळ्या विषयाचा कणा आहे: हवेची गळती आयडलला सगळ्यात जास्त दुखते आणि रेस वाढवली की निवळते. ई२० चं वागणं वेगळं. देशात पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल २०२२ मध्ये झालं आणि २०२५ मध्ये वीस. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच्या एका किलोला नऊच किलो हवा पुरते. दहा टक्के मिश्रणाला सुमारे १४.१ आणि वीस टक्क्यांना साधारण १३.५ किलो. म्हणजे जेटला हात न लावता ई१० वरून ई२० वर गेलेली कार्ब्युरेटरची गाडी सुमारे चार टक्क्यांनी पातळ चालते, पण ती सगळीकडे चालते: आयडलला चार, साठवर चार, चढावर चार. शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याला निघालेली गाडी मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखी पळत असेल आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे अडकल्यावरच झटके देत असेल, तर पेट्रोलला दोष देणं तर्कात बसत नाही. चढावरही दम कमी पडतोय, सगळ्याच वेगांना ओढ गेलीये, असं असेल तर जेट, पेट्रोल पंप, फिल्टर किंवा इंधन यांचा विचार आधी करावा. यात एक मेख मात्र आहे. चार टक्के पातळ झालेल्या इंजिनाला गळतीची आठवा हिस्सा हवा जास्त सोसवत नाही. जी चीर ई१० वर खपून जात होती, ती ई२० वर उघडी पडते. मग तारखा जुळतात, आरोप इंधनावर जातो, आणि दोषी दोघे असूनही स्वस्तातला दोषी सुटतो. जुन्या गाडीच्या इंधनवाहिन्यांचं रबर इथेनॉलला टिकेल का, हा प्रश्न खरा आहे. पण ती पेट्रोल बाहेर गळण्याची भानगड. तिचा आयडलशी फारसा संबंध नाही.

गॅरेजवाल्याचा पहिला आक्षेप इथेच येतो: एवढं डोकं कशाला लावायचं, आयडल थोडं वाढवलं की गाडी बंद पडत नाही, मिक्श्चर स्क्रू अर्धा आटा सोडला की थरथर जाते, गिऱ्हाईक खूश. खरंच जाते. आणि म्हणूनच हा उपाय घातक आहे. थ्रॉटलचा स्क्रू आवळून चकती वाजवीपेक्षा जास्त उघडली की इंजिन आयडलच्या बारीक वाटेऐवजी तिच्या वरच्या छिद्रांतून पेट्रोल ओढायला लागतं, आणि मग मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवला तरी काही फरक पडत नाही. स्क्रूला दाद न देणारं इंजिन ही गळतीची एक चांगली खूण आहे, पण बहुतेकदा तिचा अर्थ ‘कार्ब्युरेटर गेला’ असा लावला जातो. वाढलेल्या आयडलमुळे उन्हाळ्यात इंजिन तापतं, किल्ली काढल्यावरही धडधडत राहतं, गिअर टाकताना कुरकुरतं. आणि चोरवाटेने येणारी हवा एअर फिल्टरमधून आलेली नसते. ऊसतोडणीच्या हंगामात या रस्त्यांवर उडणारी काळ्या मातीची धूळ तिच्याबरोबर थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा घासते. गळती स्क्रूने झाकता येते एवढंच. ती आपलं काम करतच राहते.

झाकता न येणाऱ्या गळतीचं उदाहरण दौंडला कित्येक दशकं फलाटावर उभं असायचं. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाल्यापासून हे जंक्शन आहे, आणि आपल्या रेल्वेवर एअर ब्रेक सर्वत्र येईपर्यंत गाड्या व्हॅक्यूम ब्रेकवर चालत. इंजिनाजवळ सुमारे ५३ सेंटिमीटर पारा, म्हणजे २१ इंच व्हॅक्यूम ठेवला जाई. योगायोग असा की मोटारीच्या निरोगी आयडलचा वरचा आकडाही तोच. फरक रचनेत होता. रेल्वेत व्हॅक्यूम असेल तोवर ब्रेक सुटलेले राहत आणि तो गेला की ब्रेक लागत. दोन डब्यांमधला होज पाइप फाटला, रबरी वॉशर चेपला, की गाडी जागची हलत नसे किंवा धावता-धावता थांबे. गार्डच्या डब्यातला गेज इंजिनाहून फार खाली दिसला की गाडी सोडत नसत. टीएक्सआरची, म्हणजे डबे तपासणाऱ्या खात्याची माणसं डब्यामागून डबा फुसफुस ऐकत जात आणि गळती सापडल्यावरच सुटका होई. तिथे गळती दडवायला कुठलाच स्क्रू नव्हता. मोटारीत तो आहे, आणि नव्या मोटारीत तर तो आपोआप फिरतो. म्हणून रेल्वेने जी शिस्त नाइलाजाने पाळली, ती मोटारीला मुद्दाम पाळावी लागते.

‘आपोआप फिरतो’ यावर दुसरा आक्षेप येतो: आता स्कॅनर आहे, तो लावला की सगळं कळतं. काही गाड्यांत कळतं. हवेचं वजन एअर फिल्टरजवळ मोजणाऱ्या गाडीत चोरहवा मोजणीतून सुटते, ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ दिसतं, आणि इंजिनाचा संगणक, ईसीयू, पेट्रोल वाढवत सुटतो. आयडलला ही वाढ वीस टक्के आणि अडीच हजार फेऱ्यांवर चारच टक्के दिसली, तर वर सांगितलेली वागणूक आकड्यांत वाचायला मिळते. पण २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर सोडून एमपीएफआय झालेल्या आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या हवा मोजत नाहीत, मॅनिफोल्डमधला दाब मोजतात. त्यांत चोरहवा शिरली की दाब वाढतो, सेन्सरला तो दिसतो, आणि ईसीयू त्या हवेलाही बरोबर पेट्रोल देतो. मिश्रण ठीक, कोड नाही, थरथरही फारशी नाही. फक्त आयडल बाराशे-पंधराशेला अडकतं आणि खाली येत नाही. आयडलचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटूनही हवा येतच असते. मग व्हॉल्व्ह बदलला जातो आणि काहीच बदलत नाही. शिरूर तालुक्यातल्याच रांजणगावच्या कारखान्यातून २००९ मध्ये फियाटच्या लिनिआ आणि ग्रांदे पुंतो बाहेर पडल्या. त्याही आता पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या, म्हणजे हा विषय फक्त पद्मिनी आणि अँबेसेडरपुरता उरलेला नाही. यंत्र कुठलंही असो, रबर सगळ्यांचं म्हातारं होतं.

स्कॅनरची वाट न बघता मिळणारा एक पुरावा पेट्रोल पंपाशेजारच्या पीयूसी केंद्रात असतो, आणि तो कुणी वाचत नाही. दाखल्यावर आयडलचे दोन आकडे छापलेले असतात: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. भारत स्टेज २ च्या आधीच्या चारचाकीला ३ टक्के आणि १५०० पीपीएमपर्यंत मुभा आहे. स्टेज २ आणि ३ च्या गाडीला अर्धा टक्का आणि ७५०. लोक फक्त पास की नापास बघतात. पण मिश्रण घट्ट असेल तर कार्बन मोनॉक्साइड चढतो. नुसती ठिणगी चुकत असेल तर हायड्रोकार्बन चढतं आणि कार्बन मोनॉक्साइड फारसा हलत नाही. कार्बन मोनॉक्साइड अगदी तळाला आणि हायड्रोकार्बन मात्र उंच, असं दिसलं तर मिश्रण इतकं पातळ आहे की काही घोट न पेटताच बाहेर पडताहेत. कार्ब्युरेटरच्या गाडीत हवेच्या गळतीची याहून सोपी छापील साक्ष नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत तो हे आकडे धुऊन काढतो, त्यामुळे तिथे या पुराव्याला इतकं वजन देता येत नाही. मिक्श्चर स्क्रू आधीच सोडून ठेवलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइडही वर आलेला असतो. ट्यूनिंग आधी केलं की पुरावा पुसला जातो तो असा.

गळती आहे हे ठरलं की ती कुठे आहे हे शोधायला फार साधनं लागत नाहीत, क्रम मात्र लागतो. पहिली नजर नळ्यांच्या टोकांवर. रबर निपलवर ताणलेलं असतं तिथेच ते आधी चिरतं. मधला भाग नवा वाटतो आणि टोक बोटाने वाकवल्यावर आतल्या बाजूला बारीक भेगा उघडतात. उसाच्या पट्ट्यात उंदरांनी कुरतडलेली नळीही वारंवार दिसते. गाडीला बाहेरून सीएनजी किंवा एलपीजीचं किट बसवलेलं असेल तर मिक्सरचे जोड आणि त्यासाठी वाढवलेल्या नळ्या आधी बघाव्यात. गॅसवर पातळ मिश्रणाचं इंजिन उलटं फटकारलं तर एअर फिल्टरचा डबा फुटायला वेळ लागत नाही. मग इंजिन चालू करून कापड गुंडाळलेल्या पक्कडीने एकेक नळी चिमटावी. कोणती चिमटल्यावर इंजिनाचा आवाज सुधारतो ते बघायचं, आणि सुधारला तर गळती त्या नळीत किंवा तिच्या पलीकडच्या भागात. रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं जोडांवरून फिरवलं तर फुसफुस कुठून येते तेही कळतं; पंख्यापासून नळी आणि हात दोन्ही दूर ठेवावेत. पॅकिंगच्या जोडांसाठी फवाऱ्याच्या बाटलीतलं साधं पाणी पुरतं. कार्ब्युरेटरच्या बुडाशी पाणी मारल्यावर क्षणभर आयडल बदललं, तर पाण्याने तेवढा वेळ चीर बुजवली होती. डिस्ट्रिब्युटर आणि वायरींवर मात्र पाणी जाऊ देऊ नये. इथे अनुभवी फिटर म्हणतील की पाण्यापेक्षा पेट्रोल मारलं की लगेच कळतं, आणि ते बरोबरच आहे: पेट्रोल आत ओढलं गेलं की इंजिन झटकन सुधारतं. पण शेजारी तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो आणि जुन्या हाय टेन्शन वायरी ठिणगी गाळत असतात. आग लागायला एवढं पुरे. लपलेल्या गळतीसाठी धुराचं यंत्र सगळ्यात चांगलं. इंजिन बंद ठेवून अर्धा ते एक पीएसआय इतक्याच दाबाने धूर सोडला की चीर स्वतः दिसते. दाब त्याहून वाढवला तर चांगले सीलही उडतात. डिस्ट्रिब्युटरच्या ॲडव्हान्सची नळी काढून तोंडाने ओढावी आणि टोकाला जीभ लावावी. ओढ जिभेला धरून राहिली तर आतला पडदा शाबूत, सुटली तर फाटलेला.

दुरुस्तीत नळी बदलणं सोपं. टोकच तडकलं असेल आणि लांबी पुरत असेल तर सेंटिमीटरभर कापून पुन्हा बसवली तरी चालते. मोह होतो तो हाताशी असेल ती नळी लावण्याचा. ठिबकच्या प्लॅस्टिकची नळी इंजिनाच्या उष्णतेत मऊ पडते आणि निपलवर पकड सोडते; पातळ भिंतीची रबरी नळी व्हॅक्यूमने आतल्या आत चपटी होते. जाड भिंतीची, व्हॅक्यूमसाठीच बनवलेली नळी मागून घ्यावी. अवघड काम कार्ब्युरेटरच्या बुडाचं असतं. तिथे दोन कानांवर दोन नट असतात. पॅकिंगमधून हवा येते म्हणून प्रत्येक वेळी ते आणखी आवळले जातात, आणि ॲल्युमिनियमचे कान खाली वाकतात. कडा दाबल्या जातात आणि मध्ये केसाएवढी फट राहते. जितकं आवळावं तितकी फट वाढते. कार्ब्युरेटर उतरवून बुडावर स्टीलची फुटपट्टी उभी धरली आणि पलीकडून बॅटरीचा उजेड टाकला, की मधोमध पिवळी रेघ दिसते. जाड काचेवर एमरी पेपर पसरून त्यावर बूड आठच्या आकड्यात हलक्या हाताने घासलं की ते सपाट होतं, नवं पॅकिंग टाकून नट आळीपाळीने आवळले की काम होतं. पॅकिंगऐवजी सिलिकॉनचा जाड थर देणं मात्र टाळावं. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं आणि त्याचे तुकडे जेटमध्ये जाऊन अडकतात. थ्रॉटलचा दांडा त्याच्या भोकात झिजला असेल तर नळ्या आणि पॅकिंग बदलून काहीही होणार नाही. दांडा वर-खाली हलवून बघावा, त्याच्या टोकाशी तेलाचा थेंब सोडावा. इंजिन चालू असताना तो आत ओढला गेला आणि आवाज बदलला, तर बूश बसवून घ्यावा किंवा कार्ब्युरेटर बदलावा. इथे मात्र फिटरचा ‘कार्ब्युरेटर गेला’ हा शेरा खरा ठरतो.

एक जागा अशी आहे की तिथली गळती आयडलपुरती राहत नाही. ब्रेकचा बूस्टर मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो आणि त्याची नळी सगळ्यांत जाड. बूस्टरचा पडदा फाटला तर इंजिन थरथरतं आणि पेडलही दगडासारखं होतं. तपासायला हत्यार लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावं, शेवटी दाबून धरावं आणि इंजिन चालू करावं. पेडल पायाखाली थोडं खाली बसलं पाहिजे. न बसल्यास नळी, तिच्यातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा बूस्टर यांपैकी काहीतरी गेलेलं आहे. ज्यांच्याकडे डिझेल गाडी आहे त्यांनी हा भाग वगळू नये. डिझेलला आयडलला हवा अडवणारी चकती नसते, म्हणून मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमच तयार होत नाही. जुन्या जीपगाड्या आणि पिकअपमध्ये बहुधा अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला छोटा पंप तो तयार करतो. तिथली नळी सैल झाली तर इंजिन अजिबात तक्रार करत नाही. गाडी उत्तम चालते, फक्त थांबत नाही. काही कॉमन रेल गाड्यांत टर्बो आणि ईजीआरही याच व्हॅक्यूमवर हलतात, तिथे पिकअप जाणं आणि काळा धूर ही लक्षणं दिसतात.

राहिला शेवटचा आक्षेप, सगळ्यात व्यवहारी: एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या पुनर्नोंदणीची फी सहाशेवरून पाच हजार रुपयांवर गेली, वर हरित कर; अशा गाडीवर एवढी मेहनत कशाला? गिअरबॉक्स किंवा रिंगांचं काम निघालं असेल तर हा प्रश्न योग्यच आहे, आणि मी गाडी विकण्याच्या बाजूने असेन. पण गळती शोधण्याचा खर्च मुख्यतः वेळेचा असतो, पार्टांचा फार नाही. शिवाय ती शोधल्याशिवाय गाडी खरंच मोडीची झाली की नाही, हेही ठरवता येत नाही. कॉम्प्रेशन उत्तम असलेली इंजिनं नुसत्या मिसिंगपायी भंगारात जातात. गळती मिटल्यावर मात्र एक काम उरतं आणि ते विसरू नये. झाकण्यासाठी फिरवलेले सगळे स्क्रू आता चुकीच्या जागी आहेत. इंजिन गरम करावं, थ्रॉटलचा स्क्रू मागे घेऊन आयडल खाली आणावं, मिक्श्चर स्क्रू हळूहळू आवळत इंजिन अडखळेपर्यंत न्यावा आणि तिथून ते नीट चालेल इतकाच परत सोडावा, मग आयडल पुन्हा जुळवावं. ई२० साठी त्याला थोडं जास्त सोडावं लागेल, पण आता ते थोडंच असेल. त्यानंतर पीयूसी केंद्रावर जाऊन दोन्ही आकडे घ्यावेत आणि आधीच्या दाखल्याशेजारी ठेवून बघावेत. हायड्रोकार्बन निम्म्याखाली उतरलं नसेल, तर अजून कुठेतरी हवा येते आहे.